कवटी मोजणाऱ्यांना आपलं उत्तर

(शेलू इथं तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला मेंदूवर बोलायला सांगितलंय. मी डॉक्टर नाही, प्रोफेसर नाही. कर्जत लोकलनं रोज जाऊन-येऊन चार तास काढणारा माणूस. डब्यात एका पायावर उभं राहून जे वाचलं, ते तुमच्यापुढं मांडतो.

का मांडतो, ते आधी सांगतो. मागं आपल्यातलाच एक पोरगा स्टेशनवर भेटला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता, सोडून दिला. विचारलं, का रे? म्हणाला, "दादा, आपल्या डोक्यात ते नसतंच. गणित-बिणित त्यांचंच काम." मला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. कारण हे वाक्य त्याचं नव्हतं. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ते तयार केलं आणि आज ते शेलूच्या फलाटावर आपल्याच पोराच्या तोंडून बाहेर पडलं.

तर आजचा सवाल एकच. ते डोक्यात नसतं, का डोक्यावर बसवलेलं असतं?

ही कवटी मोजायची खाज जुनी आहे. इंग्रज अंमलदार रिस्ले यानं इथल्या लोकांची नाकं मोजली आणि नाकावरून जातीची पायरी लावली. जर्मनीत ऑयगेन फिशर नावाचा पंडित होता, ज्याच्या वंशविचाराचा पुढं नाझींनी पुरेपूर वापर केला. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि त्यातच त्यांची अक्कल आहे, असा त्याचा कयास. त्याच्या हाताखाली बर्लिनला महाराष्ट्रातली एक बाई शिकत होती, इरावती कर्वे. तिनं 149 कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं की कवटीच्या ठेवणीचा आणि वंशाचा काही संबंध दिसत नाही. गुरूच्या तोंडावर, त्याच्याच संस्थेत! 1930 च्या आसपासची ही गोष्ट. बाई चित्पावन होत्या, परत आल्यावर इथल्या जातींची अंगं मोजतच राहिल्या, ते वेगळं. पण त्या वेळी त्या खरं बोलल्या, हे आपण मान्य करायला पाहिजे. आपण खऱ्याची जात बघत नाही.

आणि बाबासाहेबांनी काय केलं? 1948 साली अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी नाकांची तीच मापं हातात घेतली आणि दाखवून दिलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशानं वेगळे नाहीत. शत्रूची फूटपट्टी शत्रूच्याच पाठीत घातली.

म्हंजे कवटीचा खटला तेव्हाच निकालात निघाला. मग पोरं मागं का पडतात? इथं नवं शास्त्र कामाला येतं.

2003 साली उत्तर प्रदेशातल्या खेड्यात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी एक प्रयोग केला. सहावी-सातवीतली 642 पोरं, निम्मी सवर्ण, निम्मी दलित. त्यांना कागदावरची वाट शोधायची कोडी दिली. कोडं सुटलं की पैसे. सहा-सहा पोरांचे गट. आधी कुणाची जात सांगितली नाही. निकाल बघा : दोघं बरोबरीत! दलित पोरं तसूभर मागं नाहीत.

मग दुसऱ्या गटांत कोडी द्यायच्या आधी प्रत्येकाचं नाव, गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचली. बस्स, एवढंच. तीच वयाची पोरं, तीच कोडी. आणि दलित पोरांची सुटलेली कोडी धडाधड खाली आली. वाचणाऱ्यानं शिवी दिली नाही, मारलं नाही. नुसती जात वाचली.

पण खरी मेख पुढं आहे. त्यांनी आणखी एक प्रकार केला. जात वाचायची, पण पैसे कुणाला मिळणार हे चिठ्ठी काढून ठरवायचं. तेव्हा ती दरी गायब झाली! का? चिठ्ठीला जात कळत नाही, माणसाला कळते. पोराला गणित येत नव्हतं असं नाही. आत्मविश्वास नव्हता असंही नाही. त्याला पक्कं माहीत होतं, की इथं माणूस निवाडा करणार आणि माणूस आपल्याला न्याय देणार नाही. मग कशाला जीव काढायचा? हे त्याचं खुळेपण नाही. हे पिढ्यांचं शहाणपण आहे, अनुभवानं शिकवलेलं. फक्त ते त्याच्याच गळ्याला फास लावतं.

मला माझी शाळा आठवली. गुरुजी वर्गात म्हणायचे, "शिष्यवृत्तीवाले उभे रहा." आम्ही पाच जण उभे राहायचो. सगळा वर्ग वळून बघायचा. त्यानंतरच्या तासाला फळ्यावरचं मला काही दिसायचं नाही. तेव्हा वाटायचं, डोळे बिघडले.

बाबासाहेबांचंही आठवा. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरनं त्यांना गणित सोडवायला फळ्याकडं बोलावलं आणि सवर्ण पोरं जेवणाचे डबे उचलायला धावली, कारण डबे फळ्यामागं ठेवलेले होते. विटाळ होईल ना! अशा गोंधळात चालत जाऊन खडू हातात घ्यायचा. प्रत्येक वर्गात असा फळा आहे. डबे आता दिसत नाहीत, एवढाच फरक.

दुसरा अभ्यास पोटाचा. 2013 साली तामिळनाडूतल्या 464 ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास छापून आला. त्याच माणसांना तोडणीच्या आधी, हात रिकामा असताना, बुद्धीची कोडी घातली. आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर, पुन्हा घातली. माणूस तोच, मेंदू तोच. पैसे नसताना कमी पडला, पैसे आल्यावर सुधारला. टंचाई डोक्यातली जागा खाते. आता आपल्या तालुक्यातल्या कातकऱ्याकडं बघा. पावसात उचल घ्यायची, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं, उचल फिटेस्तोवर राबायचं. आणि लोक म्हणतात, कातकऱ्याला हिशेब कळत नाही! हिशेबाची जागा कर्जानं खाल्ली, हे कोण सांगणार?

इथं एक धोका आहे, सावध ऐका. उद्या कुणी शहाणा येईल आणि म्हणेल, "बघा, यांच्या मनावरच परिणाम झालाय, यांना समुपदेशन द्या." म्हंजे भट्टी तशीच, उचल तशीच, जात वाचणारा तसाच, आणि उपचार आपल्या डोक्यावर! हे आपल्याला नको. या प्रयोगांनी आपण मोडलेलो आहोत असं सिद्ध झालेलं नाही. उलट झालंय. जात बाजूला काढली, पैसा हातात आला, की त्याच क्षणी माणूस बरोबरीला येतो. मग रोग कुणात आहे? खोलीत आहे, पोरात नाही.

आणि मेंदू दगडाचा नाही. लंडनला टॅक्सीवाल्याला हजारो रस्ते तोंडपाठ करून परीक्षा द्यावी लागते. 2011 साली दिसून आलं, की काही वर्षं अभ्यास करून जे पास झाले, त्यांच्या मेंदूतला वाटा लक्षात ठेवणारा भाग वाढला होता. जे नापास झाले, त्यांचा नाही. ड्रायव्हर लोकांचा मेंदू, भाऊ! जन्मानं मिळालेला नाही, राबून वाढवलेला.

मग करायचं काय? पहिलं : शाळेत कुणीही पोरांना जातीवरून उभं करत असेल, तर आपण तिथं जाऊन उभं राहायचं. दुसरं : जिथं तोंडी परीक्षा, मुलाखत, तिथं आडनाव झाकून निवाडा करा, ही मागणी लावून धरायची. तिसरं : शेलूत आपली अभ्यासिका पाहिजे. इथं इमारतींवर इमारती उठतायत, एक खोली आपल्याला मिळवता येत नाही? वाड्यांवरची ठाकर-कातकरी पोरंही तिथं आली पाहिजेत. चुकलं तर कुणी हसणार नाही, आणि कुणी कुणाचं आडनाव विचारणार नाही, अशी खोली.

तो पोरगा आज आलाय. मागं, दाराशी बसलाय. मी त्याला उभं करणार नाही, त्याचं नावही घेणार नाही. एवढंच सांगतो, गणिताचं पुस्तक मी आणलंय. बैठक संपली की घेऊन जा.

जयभीम.