ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत : मीडिया कन्व्हर्टरची पारख व निवड



ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येऊन पोहोचला म्हणजे गाव जोडले गेले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः गावातील काम तेथून सुरू होते. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. पुढे तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले. ही वाहिनी ग्रामपंचायतीपाशी येते. परंतु शाळा गावाच्या एका टोकाला आणि आरोग्य उपकेंद्र दुसऱ्या टोकाला, अशी रचना अनेक गावांत दिसते. ही शेवटची काही शे मीटरची वाट नीट बांधली गेली नाही, तर वर्गातील संगणक आणि उपकेंद्रातील नोंदी जेथल्या तेथे राहतात.

या वाटेवर पहिली अडचण अंतराची असते. इथरनेट पद्धतीत तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर ठरलेली आहे. त्यापलीकडे केबल ओढली, तर जोडणी कधी चालते, कधी तुटते, आणि दोष संगणकाच्या माथी मारला जातो. दुसरी अडचण आकाशातील विजेची. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून नेलेली तांब्याची केबल विजेचा झटका दोन्ही टोकांच्या यंत्रांपर्यंत पोहोचवू शकते. काचेचा तंतू वीजवाहक नाही; म्हणून या दोन्ही अडचणींवर तोच उपाय ठरतो. मात्र केबलमध्ये पोलादी चिलखत किंवा आधाराची तार असेल, तर त्या धातूची अर्थिंगची व्यवस्था विसरून चालणार नाही.

तथापि संगणक किंवा साधा स्विच यांना तंतू थेट लावता येत नाही. तांब्यातून येणाऱ्या विद्युत संकेतांचे प्रकाशात आणि प्रकाशाचे पुन्हा विद्युत संकेतांत रूपांतर करणारी छोटी पेटी म्हणजेच मीडिया कन्व्हर्टर. तिच्या एका बाजूस नेहमीच्या केबलचे आरजे-४५ तोंड, तर दुसऱ्या बाजूस तंतूचे तोंड असते. ती केवळ माध्यम बदलते. इंटरनेट निर्माण करीत नाही आणि राउटरचे कामही करीत नाही. एका टोकाला प्रकाश निर्माण झाला, तर दुसऱ्या टोकाला तो ओळखणारे यंत्र हवेच. यास्तव कन्व्हर्टरची निवड नेहमी जोडीनेच करावयाची असते. दुसऱ्या टोकाला तंतूची सोय असलेला स्विच असल्यास त्याचे मॉड्यूल कन्व्हर्टरशी जुळणारे असावे लागते.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. जेथे जीपॉन पद्धतीने जोडणी दिलेली आहे, तेथे पंचायतीत ओएनटी नावाचे यंत्र बसविलेले असते. त्या यंत्राच्या जागी साधा मीडिया कन्व्हर्टर चालत नाही, कारण दोहोंची कार्यपद्धती भिन्न आहे. ओएनटीच्या आरजे-४५ तोंडातून निघालेली केबल कन्व्हर्टरला द्यावी आणि तेथून नवा तंतू शाळेकडे न्यावा, हा योग्य क्रम होय.

समजा, पंचायत कार्यालयापासून शाळा ४०० मीटरवर आहे. खरेदीपूर्वी चार प्रश्नांची उत्तरे लेखी असावीत.

पहिला प्रश्न तंतूच्या जातीचा. सिंगल मोड तंतूचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, तर मल्टिमोडचा ५० किंवा ६२.५ मायक्रॉनचा असतो. कन्व्हर्टर त्याच जातीचा घ्यावा. नवी केबल टाकावयाची असल्यास सिंगल मोड श्रेयस्कर. पुढे अंतर वा वेग वाढला तरी तीच केबल उपयोगी पडते.

दुसरा प्रश्न तंतूंच्या संख्येचा. दोन तंतू असल्यास एकाचे पाठविणारे तोंड दुसऱ्याच्या घेणाऱ्या तोंडास जोडावे लागते. एकाच तंतूवर काम भागवावयाचे असेल, तर जोडीतील एक कन्व्हर्टर, उदाहरणार्थ, १३१० नॅनोमीटरवर पाठवितो व १५५० वर घेतो, तर दुसरा याच्या उलट. व्यापारी त्यांना 'ए' व 'बी' म्हणतात. दोन्ही 'ए' आणल्यास जोडणी होत नाही.

तिसरा प्रश्न वेगाचा. तंतूच्या बाजूस दोन्ही टोकांचा वेग सारखाच हवा. एकीकडे १०० मेगाबिट आणि दुसरीकडे १००० मेगाबिट अशी जोडी जमत नाही.

चौथा प्रश्न प्रकाशाच्या हिशेबाचा. पाठविणाऱ्याची शक्ती उणे ९ डीबीएम व घेणाऱ्याची किमान गरज उणे २० डीबीएम असल्यास ११ डेसिबलची गुंजाइश मिळते. १३१० नॅनोमीटरवर किलोमीटरला सुमारे ०.४ डेसिबल घट धरली, तर ४०० मीटरला ०.१६, आणि दोन कनेक्टरांचे प्रत्येकी ०.५ धरून १ डेसिबल, असा खर्च सव्वा डेसिबलच्या आत राहतो. म्हणजे साधा कन्व्हर्टर पुरेसा आहे. जास्त पल्ल्याचा घेतला म्हणजे अधिक चांगला, हा विचार येथे घातक ठरतो. ८० किलोमीटरसाठी बनविलेल्या यंत्राचा प्रखर प्रकाश इतक्या जवळून घेणाऱ्या भागास सोसत नाही.

कनेक्टरही जुळावे लागतात. हिरव्या व निळ्या टोकांची घासणी वेगळी असते. त्यांची परस्परांशी जोडणी करू नये. टोकावरील धुळीचा कण प्रकाश अडवितो; म्हणून जोडण्यापूर्वी ते पुसावे आणि न वापरलेल्या तोंडावर टोपी ठेवावी. तंतूतील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, परंतु इजा करू शकतो. यास्तव तंतूच्या टोकात डोकावून पाहणे कटाक्षाने टाळावे.

तंतूतून वीजपुरवठा जात नाही, हेही लक्षात ठेवावयास हवे. शाळेतील कन्व्हर्टरला तेथेच वीज लागते, आणि भारनियमनाच्या काळात तो चालावयाचा असेल तर छोट्या बॅटरीची तरतूदही तेथेच हवी. इथरनेट केबलमधूनच वीज घेणारा कॅमेरा शाळेत बसवावयाचा असल्यास त्याची वीज शाळेच्या टोकाला द्यावी लागते.

काम ताब्यात घेताना केवळ दिवा लागला एवढ्यावर समाधान मानू नये. दोन्ही टोकांवरील प्रकाशाची मोजणी करून घ्यावी. तंतूची जात, वेग, 'ए'-'बी' टोके आणि मोजलेले आकडे साठा नोंदवहीत लिहून ठेवावेत. एक पेटी बिघडल्यावर तिच्या जागी कोणती आणावयाची, हे नव्याने आलेल्या ग्रामसेवकास वा मुख्याध्यापकास त्या एका पानावरून कळेल, आणि शाळेची जोडणी आठवडेच्या आठवडे बंद राहणार नाही.