बिब्ब्याचे तेल आणि त्वचेची अ‍ॅलर्जी

बिब्ब्याच्या फळातील काळे तेल अंगाला लागले की ते उतते, म्हणजे कातडी लाल होऊन खाजते व तिच्यावर पाणीदार फोड येतात. हा परिणाम बहुधा एक-दोन दिवसांनी दिसतो, कारण तेलातील भिलावनॉल नावाची द्रव्ये त्वचेतील प्रथिनांशी जोडली जातात आणि त्यांना परके समजून टी-पेशी, म्हणजे शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, तेथे दाह निर्माण करतात. परीट कपड्यांवर याच रसाने खुणा करीत, आणि धुतलेल्या कपड्यांवरील त्या खुणांनीही मानेवर चट्टे उठत, ही बाब विशेष लक्षणीय आहे. काजू व आंबा बिब्ब्याच्याच कुळातील असल्याने बिब्बा बाधणाऱ्या व्यक्तींना काजूच्या टरफलातील तेल किंवा कैरीचा चीकही बाधू शकतो. दुखऱ्या सांध्यांवर बिब्बा लावण्याची प्रथा म्हणूनच धोक्याची आहे. तेल लागताच त्वचा साबण-पाण्याने धुवावी आणि फोड आल्यास ते न फोडता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.