एका तासाची मुभा



२०२० सालच्या ऑगस्टमध्ये रोज सकाळी साडेअकराच्या सुमारास माझा फोन वाजायचा. मेलबर्नमध्ये तेव्हा दुपारचे चार वाजलेले असत. पलीकडून माझा भाचा म्हणायचा, "मामू, माझा तास सुरू झाला."

हा तास समजून घ्यायचा, तर त्या शहराचे तेव्हाचे नियम सांगायला हवेत. २ ऑगस्टच्या संध्याकाळपासून मेलबर्नमध्ये रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी लागली. मास्क जुलैपासूनच सक्तीचा होता. नसेल तर दोनशे डॉलर दंड. सामान आणायला घरातल्या एकानेच जायचे, तेही दिवसातून एकदाच. व्यायामासाठी दिवसाला एक तास. आणि हे सारे घरापासून पाच किलोमीटरच्या आत. पाहुणेरावळे बंद, वर्ग संगणकावर.

दोन खोल्यांत तिघे मुलगे. दिवसभर कुणाचा ना कुणाचा वर्ग चालू. मोकळेपणी बोलायलाही जागा नाही. म्हणून व्यायामाचा तो तास भाचा बोलण्यासाठी वापरायचा. तो तिकडे चालायचा, मी इकडे ओट्यावर बसून ऐकायचो.

शिकता शिकता तो एका कॅफेत काम करायचा. मार्चमध्ये कॅफे बंद झाले, काम गेले. केंद्र सरकारने पगारासाठी जी मदत दिली, तीत परदेशी विद्यार्थी बसत नव्हते. ३ एप्रिलला पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी, ज्यांना स्वतःचा खर्च झेपत नाही त्यांनी मायदेशी परतावे, असे सुचवले. परतणार कसे? भारतात येणारी नेहमीची विमाने तर मार्चपासूनच थांबली होती! पुढे व्हिक्टोरिया राज्य सरकारने अशा विद्यार्थ्यांना ११०० डॉलरपर्यंत मदत जाहीर केली. त्यातून त्याचे काही आठवड्यांचे भाडे निघाले. "अम्मीला काही सांगू नका," एवढेच तो मला बजावायचा. मीही बहिणीला म्हणायचो, पोरगा मजेत आहे.

ऑगस्टच्या मध्यात एके दिवशी असाच फोन झाला. फोन ठेवल्यावर तासाभराने माझी आई, म्हणजे त्याची नानी, गेली. निघून यायचे म्हटले, तरी विद्यार्थी व्हिसावर पुन्हा आत जाता येत नव्हते आणि शिक्षणाचे एक वर्ष बाकी होते. असरच्या नमाजनंतर दफनविधी झाला. आमच्याकडेही वीसच माणसांना परवानगी होती. इथे पाच वाजले होते, म्हणजे तिथे रात्रीचे साडेनऊ. त्याचा त्या दिवशीचा तास संपला होता आणि संचारबंदीही लागली होती. सांगलीकडच्या त्याच्या सोबत्याने खोली रिकामी करून दिली, तिसऱ्याला घेऊन तो स्वयंपाकघरात उभा राहिला. भाच्याने दार लावून मोबाइलवर नानीला माती देताना पाहिले. दार उघडले, तेव्हा बाहेर चहा ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला फोन वाजला. तो तासभर चालला. आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. मला नुसती त्याची पावले ऐकू येत होती.

नियम चुकीचे होते, असे मी म्हणणार नाही. ५ ऑगस्टला त्या राज्यात ७२५ नवे रुग्ण नोंदले गेले होते. २६ ऑक्टोबरला एकही नाही. हे लोकांनी नियम पाळले म्हणून घडले. पण 'घरात राहा' म्हणताना घरी आपली माणसे असतात, हे नियमाने गृहीत धरलेले असते. ज्याचे घर जवळजवळ दहा हजार किलोमीटरवर आहे, त्याने कुठे राहायचे? १४ सप्टेंबरपासून एका तासाचे दोन तास झाले, तेव्हा तो ईद असल्यासारखा आनंदला होता.

आपली मुले दूर शिकायला जातात, तेव्हा आपण त्यांना मार्क विचारतो, थंडी विचारतो. खिशात पैसे किती आहेत, संकटात कुणाचे दार वाजवशील, हेही विचारावे. आणि त्यांनी खरे सांगितले, तर रागावू नये.

कॅफेची गोष्ट मी बहिणीला वर्षभराने सांगितली. ती म्हणाली, "भाई, मला ठाऊक होतं. काय जेवलास विचारलं, की तो विषय बदलायचा."