इथे मोठ्या माणसांचंही ऐकता का?



मला बोलायला सांगितलं ते मुलांच्या अभ्यासावर. पण मुलगा घरात तोंडच उघडत नसेल तर अभ्यासाचं काय घेऊन बसलात? म्हणून मी मानसोपचाराविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, गिरणीत धागे सांधणारा माणूस. जे वाचलं, पटलं, ते सांगतो.

अमेरिकेत कार्ल रॉजर्स नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले (१९०२–१९८७). रॉचेस्टर शहरात मुलांच्या छळाविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेत त्यांनी १९२८ पासून बारा वर्षं काम केलं. कोर्टाने पाठवलेली, वाया गेली म्हणून शिक्का बसलेली पोरं तिथे यायची. एका आईची मुलाखत रॉजर्स उत्तम नमुना म्हणून सहकाऱ्यांना दाखवत असत. काही वर्षांनी तीच पुन्हा वाचली तेव्हा त्यांना धक्का बसला. ती वकिलाची उलटतपासणी होती. त्या बाईकडून गुन्हा कबूल करून घेतला होता, एवढंच.

पुढे अशाच एका दांडगट मुलाची आई त्यांच्याकडे येऊ लागली. मुलगा बिघडला कारण आईनेच त्याला लहानपणी झिडकारलं, असं रॉजर्स यांचं मत. हे तिच्या गळी उतरवायला त्यांनी किती बैठका घेतल्या! काही उपयोग झाला नाही. शेवटी ते म्हणाले, दोघांनीही प्रयत्न केला, आता थांबू या. बाईंनाही ते पटलं. हात मिळवून त्या दारापर्यंत गेल्या, आणि मागे वळून विचारलं, इथे मोठ्या माणसांनाही मदत करता का? हो म्हणताच त्या परत येऊन बसल्या. मग संसारातलं दुःख, नवऱ्याशी बिनसलेलं, आपण हरलो ही खंत, सगळं भडाभडा बाहेर आलं. खरा उपचार तिथून सुरू झाला आणि यशस्वीही झाला.

रॉजर्स यांनी यातून काय घेतलं? कुठे दुखतं आणि कोणत्या वाटेने जायचं, हे ज्याचं दुखणं त्यालाच ठाऊक असतं. १९४२ च्या पुस्तकात त्यांनी ‘पेशंट’ऐवजी ‘क्लायंट’ म्हटलं. हा शब्द मला काही रुचत नाही, दुकानातलं गिऱ्हाईक वाटतं. पण समोरचा माणूस बरोबरीचा, हा त्यातला अर्थ मोलाचा आहे.

आता आपल्या घरातलं बघा. पंधरा वर्षांच्या पोराला बाप ओढत नेतो आणि म्हणतो, याला सरळ करा. चांगला समुपदेशक आधी पोरालाच विचारतो, तुला काय बदलायला हवंय? तू बोलशील ते माझ्याजवळ राहील, पण कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, हेही तो पहिल्याच दिवशी स्पष्ट करतो. काय साधायचं ते दोघं मिळून ठरवतात. मधूनमधून तो विचारतो, याचा तुला उपयोग होतोय का? नसेल तर रीत बदलतो. दारू पिणाऱ्या मोठ्या माणसांसाठी विल्यम मिलर यांनी १९८३ साली हीच दिशा मांडली. दरडावलं की माणूस दारूचीच बाजू घेऊन भांडतो. सोडायची कारणं त्याच्याच तोंडून यायला हवीत. वस्तीतल्या माउल्यांना हे मी वेगळं सांगायला नको.

मीही माझ्या मुलाची उलटतपासणीच करत आलो. कुठे होतास, कुणाबरोबर होतास, खरं बोल! दहावीत नापास झाल्यावर तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. एका रात्री पाळीवरून आलो तर जागा होता. मी काहीच विचारलं नाही, दोघांसाठी चहा टाकला. त्या रात्रीही तो फार बोलला नाही, पण उठूनही गेला नाही.

सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलिमानस ही फोनसेवा सुरू केली. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर दाराजवळच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. फोन आईबापांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.