कानांनी वाचावयाचा कागद
(पेठ वडगाव येथील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेचा कागद वाचण्यासाठी असतो, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु तो कोणी आणि कोणत्या इंद्रियाने वाचावयाचा, ह्याचा विचार कागद तयार करताना फारसा होत नाही. पेठ वडगाव आणि भोवतालच्या वाठार, अंबप, भादोले, लाटवडे अशा गावांतून सूचना, वेळापत्रके, स्वाध्याय हे सारे आता बहुधा मोबाइलवरून पालकांकडे जाते. फळ्यावरील सूचनेचे छायाचित्र काढले व व्हॉट्सॲपच्या गटावर टाकले, की काम झाले, अशी रीत पडली आहे. वर्गात एखादे दृष्टिहीन मूल असेल, अगर एखाद्या मुलाचा पिता दृष्टिहीन असेल, तर त्या छायाचित्रातून त्याच्या पदरी काहीही पडत नाही. त्याच्या हातातील फोन स्पष्ट मराठी बोलतो. पण ह्या ठिकाणी तो "छायाचित्र" एवढाच शब्द उच्चारून गप्प बसतो.

दृष्टिहीन माणसाने संगणक कसा चालवावा, हा प्रश्न अनेक डोळसांस पडतो. पडदा दिसत नाही, मग उपयोग काय, असे त्यांस वाटते. वस्तुतः संगणकास पडद्याची गरज नाही. ती डोळस माणसास आहे. संगणकाच्या पोटात अक्षरे ही आकृतींच्या रूपाने नसतात, अंकांच्या रूपाने असतात. 'क' ह्या अक्षरास २३२५ हा अंक नेमून दिलेला आहे, 'ख' ला २३२६, 'ग' ला २३२७. ह्या जगन्मान्य संकेतास युनिकोड असे नाव आहे. ते अंक घेऊन त्यांची आकृती पडद्यावर काढणे हे एक काम. तेच अंक घेऊन त्यांचा उच्चार करणे हे दुसरे. हे दुसरे काम जो कार्यक्रम करतो त्यास स्क्रीन रीडर म्हणतात. नाव पडदा वाचणारा असे असले, तरी तो पडद्याकडे पाहत नाही. पडद्यामागचा मजकूर घेतो.

असा कार्यक्रम वापरणारा माणूस माऊसला हात लावीत नाही. बाणांच्या कळांनी तो एकेक अक्षर, कंट्रोल कळ जोडून एकेक शब्द ऐकतो. मोठ्या लेखात 'एच' ही कळ दाबून एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी घेतो. सरावलेला माणूस हे बोलणे इतक्या वेगाने ऐकतो की, शेजारी बसलेल्या डोळस माणसास त्यातील एक शब्दही उमगू नये. बोटांनी कळांच्या जागा ओळखण्यासाठी कळफलकावर इंग्रजी 'एफ' आणि 'जे' ह्या दोन कळांवर बारीक उंचवटे असतात. मराठीसाठी जो इनस्क्रिप्ट नावाचा शासनमान्य कळफलक आहे, त्यात ह्याच दोन कळांवर ऱ्हस्व वेलांटी आणि 'र' येतात. तेथून सर्व वर्णमाला बोटांखाली पसरते: स्वर व मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. साध्या कळेवर क, त, च, ट. तीच कळ शिफ्टसह दाबली की ख, थ, छ, ठ. मात्रेची कळ शिफ्टसह दाबली की पूर्ण स्वर. अल्पप्राण-महाप्राणाची ही जोडी ज्याने पहिलीच्या वर्गात तोंडपाठ केली, त्याला डोळे मिटून हा कळफलक शिकता येतो. डोळस शिक्षकांनीही तो शिकून पाहावा; रोमन लिपीत "नमस्ते" टंकून मराठी उमटविण्याच्या पद्धतीपेक्षा तो अधिक मराठी आहे.

ह्या साधनांचा इतिहास एका बाबतीत लक्षात घेण्यासारखा आहे. ती परोपकारी डोळसांनी तयार करून दान दिली, असा समज असतो. प्रत्यक्षात त्यांतील महत्त्वाची साधने दृष्टिहीनांनी स्वतःच्या अडचणीतून घडविली. लुई ब्रेल हा फ्रान्समधील खोगीर करणाऱ्याचा मुलगा. बापाच्या कामाच्या जागी अरीने डोळ्यास इजा होऊन त्याची दृष्टी गेली, आणि १८२४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा टिंबांची लिपी सिद्ध केली. अमेरिकेत टेड हेंटर ह्या मोटारसायकल-शर्यतपटूची दृष्टी १९७८ च्या अपघातात गेली. त्याच्या संस्थेने १९८९ मध्ये जॉज नावाचा स्क्रीन रीडर काढला. तो उत्तम होता, पण महाग होता. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन ह्या दृष्टिहीन तरुणाला ही किंमत अन्यायाची वाटली. डोळस मनुष्य संगणक विकत घेतो तेव्हा पडदा त्याबरोबरच मिळतो. मग दृष्टिहीनाने संगणकाच्या वाणीसाठी पुन्हा पैसे का मोजावे? त्याने स्वतःच एक स्क्रीन रीडर लिहावयास घेतला. अंध मुलांच्या संगीत शिबिरात लहानपणी भेटलेला जेम्स तेह हा त्याचा मित्रही पुढे त्यास मिळाला. त्यांचा एनव्हीडीए हा कार्यक्रम आज विनामूल्य मिळतो, मराठी वाचतो, आणि पेन ड्राइव्हवर घालून कोणत्याही विंडोज संगणकावर चालविता येतो. छंद म्हणून केलेल्या उचापतीतून एवढे काम उभे राहिले. वर्गातील एखादे दृष्टिहीन मूल शाळेच्या संगणकाच्या कळा उगीच दाबीत बसले, तर "बिघडवशील" म्हणून त्यास उठविण्याची घाई शिक्षकाने करू नये.

महाराष्ट्रातील उदाहरण घ्यावयाचे तर प्रांजल पाटील ह्यांचे घ्यावे. उल्हासनगरच्या ह्या मुलीची दृष्टी लहानपणीच गेली. दादरच्या श्रीमती कमला मेहता अंधशाळेत त्यांचे शिक्षण झाले; ही शाळा ॲना मिलार्ड ह्या मिशनरी बाईंनी १९०० साली मुंबईत सुरू केलेल्या अंधशाळेची वारस होय. पुढे संगणकावर स्क्रीन रीडरच्या साहाय्याने पुस्तके ऐकून त्यांनी अभ्यास केला आणि २०१७ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून भारतीय प्रशासन सेवेत प्रवेश केला. त्यांच्या बुद्धीचे व कष्टांचे कौतुक झाले ते योग्यच झाले. पण ती पुस्तके यंत्रास वाचता येतील अशा रूपात मिळणे ही त्यामागील अट होती, हे मात्र त्या कौतुकात सहसा सांगितले गेले नाही.

ही अट मराठीत कोठे मोडते, ते आता पाहावयाचे आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी टंकलेखनासाठी जे फाँट निघाले, त्यांत एक युक्ती केलेली होती. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरेच राहत आणि पडद्यावर त्यांच्या जागी देवनागरी आकृती उमटत. डोळ्यांस ती मराठीच दिसे. छापखान्याचे काम त्यावर सुरेख होई, आणि अजूनही होते. पण स्क्रीन रीडर आकृती पाहत नाही, अंक वाचतो; तेव्हा अशा फाँटमध्ये टंकलेले "सर्व पालकांस कळविण्यात येते की" हे वाक्य त्याच्या मुखातून इंग्रजी अक्षरे, कंस आणि चिन्हे ह्यांची निरर्थक माळ होऊन बाहेर पडते. कार्यालयांतून, छापखान्यांतून आणि शाळांच्या जुन्या संगणकांतून असा मजकूर आजही सापडतो. तो सुंदर दिसतो, म्हणूनच त्यातला दोष ध्यानात येत नाही.

ह्यात भाषेच्या दृष्टीने एक मौजेची गोष्ट आहे. जुन्या टंकलेखन यंत्रावर 'कि' लिहावयाचे तर आधी वेलांटी आणि मग 'क' असा क्रम असे, कारण डोळ्यास वेलांटी आधी दिसते. युनिकोडमध्ये आधी 'क', मग वेलांटी. कारण कानास 'क' आधी ऐकू येतो. 'अर्थ' ह्या शब्दातील रफार डोळ्यास 'थ' च्या डोक्यावर दिसतो, पण युनिकोडमध्ये तो 'थ' च्या आधीच्या 'र' म्हणून, उच्चाराच्या जागी, साठविला जातो. १९५१ साली भारतीय भाषांसाठी जी समान भारती ब्रेल ठरली, तिच्यातही 'कि' लिहिताना 'क' ची टिंबे आधी आणि इकाराची नंतर येतात. म्हणजे अंधांची लिपी आणि संगणकाची लिपी दोन्ही एकाच तत्त्वावर येऊन ठेपल्या: जसा उच्चार, तसा क्रम. पाणिनीच्या देशात ह्याचे नवल वाटू नये.

फाँट युनिकोडचा असला तरी टंकणाराच्या काही सवयी घात करतात. मथळा ठसठशीत दिसावा म्हणून "सू च ना" अशी अक्षरे सुटी करून लिहिण्याची हौस बऱ्याच जणांस असते. ऐकणाऱ्यास तीन सुटी अक्षरे ऐकू येतात आणि सूचना कोणती ते समजण्यापूर्वीच तो गोंधळतो. विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची दोन टिंबे दिली की 'दुःख' हा शब्द मध्येच तुटतो. वेळापत्रकाचे रकाने कोऱ्या जागा सोडून पाडले की सोमवारचे गणित आणि मंगळवारचा परिसर अभ्यास एकाच दमात वाचला जातो. तेच खऱ्या तक्त्यात भरले असता यंत्र वार आणि तास दोन्ही सांगते. मथळा नुसता जाड करून भागत नाही. लेखन-कार्यक्रमात मथळ्यासाठी जी स्वतंत्र सोय असते ती वापरली, तरच 'एच' कळेची उडी त्यावर पडते. ह्यांपैकी एकाही सुधारणेस पैसा लागत नाही.

छायाचित्रातील अक्षरे ओळखणारी साधनेही आहेत. रेमंड कुर्झवेल ह्यांनी छापील पुस्तक वाचून दाखविणारे यंत्र १९७६ साली लोकांपुढे आणले. तेव्हा ते टेबलाएवढे होते, आज तेच काम फोन करतो. स्वच्छ छापलेले मराठी तो बऱ्यापैकी ओळखतो. फळ्यावरील खडूचे अक्षर, तिरपे पडलेले छायाचित्र, शिक्क्याखाली झाकलेली तारीख ह्यांपुढे मात्र त्याची मात्रा चालत नाही. आणि तारीख चुकली तर बाकी सर्व ओळखून काय उपयोग? शिवाय जो मजकूर शिक्षकाने मुळात टंकलाच होता, त्याचे चित्र करावयाचे आणि मग त्या चित्रातून मजकूर शोधण्याचे कष्ट दृष्टिहीनावर टाकावयाचे, ह्यात शहाणपण कोणते?

यंत्राने सर्व अडचणी सुटतात, असा भ्रमही नसावा. वडगावच्या आठवडी बाजारात दोनशेची नोट १४६ मिलिमीटर लांब आणि पाचशेची १५०; रुंदी दोहोंची सारखीच. चार मिलिमीटरांचा हा फरक गर्दीत बोटांनी ओळखणे अवघड असते. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० पासून नोट ओळखून तिची किंमत बोलून सांगणारे 'मणी' नावाचे मोबाइल-साधन दिले आहे, व ते इंटरनेटवाचून चालते. घरी बसून नोटा लावून ठेवण्यास ते चांगले. गिऱ्हाइके खोळंबली असता भाजीवाल्यापुढे फोन काढून उभे राहणे कोणास आवडते? स्थानकात शिरणाऱ्या एस.टी.ची पाटी वाचण्यापेक्षा वाहकास विचारणे केव्हाही सोपे. संकेतस्थळावर "आपण मनुष्य आहात हे सिद्ध करा" म्हणून वाकडीतिकडी अक्षरे ओळखावयास लावतात, ती तर दृष्टिहीनास मनुष्यांतून वगळणारीच म्हणावयाची.

आणखी एका गोष्टीविषयी शिक्षकांनी विशेष दक्ष राहावे. संगणक बोलू लागला, आता ब्रेल कशाला, असा विचार पुढे येतो. केवळ ऐकून शिकणाऱ्या मुलाचे शुद्धलेखन कच्चे राहते. 'दिन' आणि 'दीन' हे यंत्राच्या उच्चारात बहुधा सारखेच ऐकू येतात. बोटांखाली मात्र ते निराळे असतात. अक्षर-अक्षर करून ऐकण्याची सोय यंत्रात आहे, पण सबंध पुस्तक कोणी तसे वाचीत नाही. पाटी आणि दाभणाने ब्रेल लिहिणे पहिल्या इयत्तांतून पक्के करावे, मग संगणक द्यावा. बोटांखाली टिंबे उमटविणारी संगणकाची ब्रेल-पट्टी निघाली आहे. ती खेड्यातील पालकास परवडण्याजोगी नाही, आणि हीच ह्या क्षेत्रातील मोठी उणीव आहे.

कायद्याने हा विषय शिक्षकाच्या दयाबुद्धीवर सोडलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमान्वये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या प्रत्येक बालकास सहा ते अठरा वर्षांच्या दरम्यान शेजारच्या शाळेत, अगर त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. भारताने २०१४ मध्ये मान्य केलेला माराकेश करार आणि २०१२ ची स्वामित्वहक्क-कायद्यातील दुरुस्ती ह्यांमुळे दृष्टिहीनांसाठी पुस्तक वाचण्याजोग्या रूपात आणण्यास प्रकाशकाची परवानगीही लागत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयात अशी पुस्तके एकत्र केलेली आहेत. मोठी पुस्तके तेथे मिळतील. पण शाळेने काल संध्याकाळी काढलेली सहलीची सूचना कोणत्याही पुस्तकालयात मिळावयाची नाही. ती शाळेनेच नीट लिहावयाची आहे.

शाळेच्या फोनवर ह्याची परीक्षा दहा मिनिटांत करता येते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या विभागात टॉकबॅक नावाची सोय आहे. ती सुरू केल्यावर फोन बोलू लागतो, आणि एकदा बोट लावल्याने वस्तूचे नाव सांगतो, दोनदा टिचकी मारल्याने ती उघडतो. सवय नसणारा ह्यात हमखास अडकतो; म्हणून आवाजाच्या दोन्ही कळा एकत्र दाबून ती बंद करण्याची सोय आधी लावून ठेवावी. मग गटावर टाकावयाची सूचना प्रथम स्वतःच्याच फोनवर पाठवावी, फोन पालथा धरावा आणि ऐकावे. तारीख, वार, वेळ, जागा आणि बरोबर काय आणावयाचे, ही पाच उत्तरे कानावर पडली, तर सूचना गटावर टाकावी. न पडली, तर पुन्हा टंकावी.