हात लांब, माणूस सलामत

मंडळी, होनगा-उद्यमबागच्या फौंड्रीत घाम गाळलेली आम्ही काकतीची माणसं आज गणरायापुढं दोन शब्द बोलतो आहोत.

क्रेनला लोंबकळणारं टनभर कास्टिंग सावकाश हलताना गरीब वाटतं. पण एकदा झोका घेऊ लागलं की गड्याच्या हाताला आवरत नाही. बोट सापडतं ते वजन आणि स्टँडच्या फटीत, नाहीतर ताणल्या जाणाऱ्या साखळीखाली. आमच्या एका काकांचं बोट असंच गेलं. "जरासं सरळ करतो," एवढंच ते म्हणाले होते.

१९४८ च्या कारखाने कायद्यानं साखळ्या-दोरांची वर्षातून एकदा तरी तपासणी सक्तीची केली. हाताची काळजी मात्र आपणच घ्यायची. वजन उचलण्याआधीच त्याला दोर बांधा आणि लांबून दिशा द्या. दोर मनगटाला गुंडाळू नका. ढकलायला-ओढायला टोकाला आकडा असलेला लांब दांडा घ्या. झोका घेणारं वजन दांड्यानं अडवू नका, स्थिर होऊ द्या. वजनाखाली कधीच जाऊ नका. क्रेनवाल्याला इशारा एकानंच द्यावा; "थांब" मात्र कुणीही म्हणावं.

पोरांनो, विसर्जनाला कपिलेश्वर तलावावर क्रेन मूर्ती उचलते, तेव्हाही हेच ध्यानात ठेवा. आमचे काका आरतीला नऊ बोटांनी हात जोडतात. तुमची दहाही शाबूत राहोत.

गणपती बाप्पा मोरया!