किती धुण्यांनंतर?

आजचा विषय आहे नॅनोपदार्थ आणि त्यांच्यापासून बनणारं 'स्मार्ट' कापड. श्वास मोजणारा शर्ट, चालता-चालता वीज तयार करणारं कापड, वास न येणारे मोजे. अशा कापडाबद्दलचा कुठलाही शोधनिबंध हातात आला की मी आधी एकच गोष्ट शोधतो: हे किती धुण्यांनंतर टिकतं?

हा प्रश्न का, ते समजायला आकारापासून सुरुवात करू. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचे एक नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढे घन केले, तर एकूण पृष्ठभाग होतो ६,००० चौरस मीटर. जवळपास दीड एकर! माल तेवढाच, पृष्ठभाग मात्र शेताएवढा. नॅनोपदार्थांची बरीचशी करामत या पृष्ठभागावरच घडते.

आधी सेन्सर पाहू. गॅसगळतीच्या अनेक अलार्ममध्ये टिन ऑक्साइड असतं. हवेतला ऑक्सिजन त्याच्या कणांना चिकटतो आणि इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. गॅस आला की हा ऑक्सिजन खर्ची पडतो, इलेक्ट्रॉन सुटतात, विद्युतरोध घटतो आणि अलार्म वाजतो. पण त्यासाठी टिन ऑक्साइड बरंच तापवावं लागतं. अंगावरच्या कपड्यात ते कसं चालणार? म्हणून कापडासाठी ग्राफीन आणि कार्बन नॅनोट्यूब पुढे आले. त्यांचा लेप दिलेला धागा ताणला की त्याचा रोध बदलतो, आणि त्यावरून श्वास किंवा गुडघ्याची हालचाल कळते.

आता ऊर्जा. दिल्लीच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं ना? तीच घर्षणाची वीज वापरणारा नॅनोजनरेटर झोंग लिन वांग यांच्या गटाने २०१२ साली जॉर्जिया टेकमध्ये मांडला. त्यात व्होल्टेज भरपूर, पण प्रवाह अगदी थोडा. शिवाय चेन्नई-मुंबईच्या दमट हवेत हा भार टिकत नाही. वीज साठवण्यासाठी मॅक्सीन आहे, २०११ साली ड्रेक्सेल विद्यापीठात सापडलेले टायटॅनियम कार्बाइडचे पापुद्रे. वीज उत्तम वाहतात, पण पाणी आणि हवेच्या संपर्कात हळूहळू त्यांचं टायटॅनियम डायऑक्साइड होतं.

सगळीकडे अडचण एकच दिसते. ज्या पृष्ठभागामुळे काम होतं, तोच पृष्ठभाग घामाला, पाण्याला आणि साबणाला उघडा पडतो.

याचा दाखला मोज्यांनी दिला. २००८ साली ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या ट्रॉय बेन आणि पॉल वेस्टरहॉफ यांनी बाजारातले चांदीचे नॅनोकण असलेले मोजे साध्या पाण्यात घुसळले. काही मोज्यांतली जवळपास सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली. काहींतून मात्र नगण्य गेली. म्हणजे चांदी धाग्यात कशी बसवली आहे, यावर बरंच अवलंबून आहे.

निघून गेलेली चांदी कुठे जाते? सांडपाण्यात. शुद्धीकरण केंद्र असेल तर तिचा मोठा भाग गाळात उतरतो. नसेल तर नाल्यातून नदीत. मोज्यातले जिवाणू मारणारे चांदीचे आयन पाण्यातल्या शेवाळाला आणि माशांनाही घातक ठरतात. ग्राहकाचे पैसे वाया जातात ते वेगळंच.

धुण्याच्या चाचण्यांसाठी आयएसओ ६३३० सारखी मानकं आहेत, पण ती वॉशिंग मशीन धरून लिहिलेली आहेत. आपल्याकडे अजूनही असंख्य घरांत कपडे दगडावर आपटले जातात, ब्रशने घासले जातात, पिळून कडक उन्हात वाळवले जातात. इथे विकायचं कापड या परीक्षेतही पास झालं पाहिजे, असं मला वाटतं.

तेव्हा 'नॅनो' लिहिलेलं कापड घेताना जरूर विचारा: किती धुण्यांपर्यंत तपासलंय, आणि कशा पद्धतीने धुतलंय? लेबलवर उत्तर नसेल, तर जादा पैसे देण्याआधी थोडं थांबा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.